बारीक तलवारीविरुद्धचं पत्रक

मी स्वतःच्या मनानं लिहिलेलं पहिलं पत्रक एका तलवारीविरुद्ध होतं. ती तलवार खरी नव्हती. ती एका खेळाच्या पुस्तकात होती, सत्त्याण्णव नंबरच्या पानावर, आणि तिच्यामुळे आमच्या चौघांच्या टेबलावर अन्याय होत होता, असं माझं ठाम मत होतं. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या.

आमचं घर मूल या तालुक्याच्या गावातलं. पुढे छापखाना, मागे आम्ही. अब्बा लग्नपत्रिका छापायचे, उरुसाचे कार्यक्रम छापायचे, धानाच्या गिरण्यांची बिलबुकं छापायचे. पण मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वनहक्काच्या मोर्चाची, अंगणवाडीच्या ताईंच्या संपाची, खाणीच्या बाजूची आणि खाणीच्या विरोधातलीही, सगळी एकाच मशीनवर निघायची. गुलाबी कागद, पिवळा कागद, वर मोठ्या टायपात हाक आणि खाली ‘आपले नम्र’. सातव्या वर्षी मी प्रूफ तपासत होते. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘नमस्कार’च्या आधी लिहिता यायला लागला. एकदा मी अब्बांना विचारलं, तुम्ही दोन्ही बाजूंची पत्रकं कशी छापता? ते म्हणाले, "छापना अपना काम है बेटा. मानना पढ़नेवाले का." हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. मी छापेन तर जे मानते तेच छापेन, असं मी ठरवून टाकलं होतं.

आता खेळाबद्दल. हा खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. प्रत्येक जण एक माणूस मनानं तयार करतो, त्याचे गुण कागदावर आकड्यांत लिहितो, आणि एक जण गोष्ट सांगत जातो. तुमचा माणूस काय करतो ते तुम्ही बोलायचं; ते जमलं की नाही ते फासा ठरवतो. फासेही वेगवेगळे, चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा, वीस.

खेळाचं पुस्तक भाऊचं. भाऊ म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या राइस मिलच्या मॅनेजरचा मुलगा, आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. पुण्यात शिकताना तो हा खेळ शिकला आणि परत येताना ते जाडजूड पुस्तक घेऊन आला. गोष्ट तोच सांगायचा. दुसरा खेळाडू मोबाईलवाला. बसस्टँडसमोर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिसरी मी. आणि चौथी सिस्टर. ती एटापल्ली तालुक्यातल्या एका जंगलातल्या गावची. नर्सिंग शिकायला आली होती आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. कोर्स संपायच्या आधीच सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायला लागली, म्हणून आम्हीही. दर रविवारी दुपारी छापखाना बंद असायचा. कागद कापायच्या मशीनवर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं टाकायचं, त्यावर चौकोन आखायचे, आणि शर्टाची बटणं माणसं म्हणून मांडायची. रद्दी कागद फुकट, जागा फुकट. भाऊ एवढाच म्हणायचा की गिरणीतला कोंडा उडून फाशांवर बसतो.

माझा माणूस म्हणजे एक हमाल बाई. नदीच्या घाटावर पोती वाहणारी. ताकद अधिक चार, चपळाई शून्य. तिच्या हातात मी दोन्ही हातांनी उचलायची जड तलवार दिली होती. मोबाईलवाल्याचा माणूस होता मिशीवाला सरदार, चपळाई अधिक चार, ताकदही अधिक दोन. फासे टाकण्यात त्याचं नशीब नेहमीच चांगलं. त्याच्याकडे बारीक तलवार. सिस्टरची होती एक निरोप पोचवणारी बाई, उंचीनं लहान, अनवाणी. चपळाई अधिक चार, पण ताकद उणे एक. आणि हातात विळा.

पुस्तकात विळा हत्यारांच्या यादीत सगळ्यात खाली होता. चार बाजूंचा फासा, संपलं. भाऊ तिला दर रविवारी सांगायचा, "सिस्टर, बारीक तलवार घे ना. तिले आठ बाजूंचा फासा हाय."

"नाई."

"काऊन पण?"

"तुम्ही सगळे ‘घे, घे’ मंता म्हणून."

अन्याय कुठे होता ते सांगते. कुणावर वार करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात आपला एक गुण मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या ‘चुकवण्या’च्या आकड्याएवढी किंवा जास्त झाली की नेम लागला; मग हत्याराचा फासा टाकायचा आणि त्यात तोच गुण पुन्हा मिळवायचा, तेवढी जखम, समोरच्याच्या जिवाच्या आकड्यातून वजा. जड तलवारीला ताकद मिळवायची. पण पुस्तक म्हणत होतं की हत्यार हलकं असेल तर दोन्हीकडे ताकदीऐवजी चपळाई चालेल. आणि चपळाई आधीच सगळीकडे होती. वार चुकवायला चपळाई, आधी हलायला चपळाई, लपायला चपळाई, घोड्यावरून उडी मारायलाही चपळाई. ताकदीच्या वाट्याला काय? पोतं उचलणं आणि दार फोडणं. म्हणजे चपळाईत सगळे गुण घाला, बारीक तलवार घ्या, आणि बाकीच्या पाच-सहा तलवारींची चित्रं नुसती पाहा. वर्षभर मी पाहत होते. माझी हमाल बाई घाम गाळत एक वार करायची, आणि सरदार तेवढ्यात मिशी पिळत तेवढीच जखम करून भिंतीवर चढून बसायचा. त्याला मारही लागायचा नाही.

मी म्हटलं, हे बरोबर नाही. ओझं वाहणाऱ्या हाताची किंमत वाहण्यापुरतीच धरायची, आणि लढायची वेळ आली की ती पण नाजूक मनगटवाल्यांना द्यायची?

भाऊ म्हणाला, "पुस्तकात आहे."

"छापलं म्हणजे खरं होते का?" मी म्हटलं. "पुस्तक कसं छापतात ते मले विचार. या मशीनवर एकाच दिवशी दोन पार्ट्यांचा विजय निश्चित झाला होता."

मोबाईलवाला हसून लोळला. भाऊ हसला नाही.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. शीर्षक होतं: ‘बारीक तलवारीची मक्तेदारी चालणार नाही!’ मागणी एकच. चपळाईनं नेम धरा, हवं तर धरा. पण जखमेत फक्त ताकद मिळवली जाईल. जोर असेल तर जखम. मी ते अब्बांना न विचारता मशीनवर चढवलं. आमच्याकडे शंभरच्या खाली छापत नाहीत, कागद लावायलाच तेवढी मेहनत लागते, म्हणून शंभर प्रती काढल्या. वाचणारे तीन. ‘आपले नम्र’च्या जागी मी ‘आपली’ एवढंच ठेवलं. नम्र काढून टाकलं.

रविवारी मी प्रती वाटल्या. सिस्टरनं दोनदा वाचलं आणि घडी घालून वहीत ठेवलं. मी म्हटलं, हात वर करा. माझा हात वर. मोबाईलवाल्यानं हात वर केला. त्याची ताकदही अधिक दोन होती, त्याचं फारसं बिघडत नव्हतं. भाऊनं खूप वेळ पुस्तकाची पानं चाळली आणि शेवटी वैतागून हात वर केला, "घ्या, करून पाहा एकदा." सिस्टरचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तीन विरुद्ध शून्य," मी म्हटलं. "मंजूर."

आणि आम्ही खेळायला लागलो.

गोष्ट घाटावर येऊन पोचली होती. नदीपलीकडच्या गावाला राजाचे लोक पाण्यात होडी घालू देत नव्हते. आमच्या तिघांबरोबर त्या गावची दहा-बारा माणसं होती, बायका, म्हातारे. त्यांना नावेत बसवून पलीकडे न्यायचं होतं. घाटाच्या दोन भिंतींमधल्या अरुंद पायऱ्यांवर बारीक तलवार घेतलेला पहारेकरी आला. सरदार वर दुसऱ्या शिपायांशी अडकला होता, माझी हमाल बाई चिखलात रुतलेली नाव ढकलत होती, आणि पहारेकऱ्यासमोर एकटी सिस्टर.

तिनं वीस बाजूंचा फासा टाकला. अकरा अधिक चार, पंधरा. लागला. मग चार बाजूंचा. दोन, त्यात ताकद उणे एक, म्हणजे जखम एक. पहारेकऱ्याचा जीव बावीस.

पुढच्या पाळीला पुन्हा लागला. एक उणे एक. शून्य.

"विळ्यानं गुदगुल्या झाल्या त्याले," मोबाईलवाला म्हणाला.

तिसरी पाळी, दोन. चौथी, एक. चार वेळा नेम धरला, चारही वेळा बसला, आणि पहारेकरी अठरावर. तिचा स्वतःचा जीव मात्र सोळावरून तीनवर आला. वर्षभर जिवंत ठेवलेली बाई. रानडुक्कर, पूर, विषारी पाणी, सगळ्यातून तिनं तिला काढलं होतं. पुन्हा तिची पाळी आली. तिनं फासा उचलला, आणि ठेवला.

"थांबवा," ती म्हणाली. "नियम कोणी केला?"

"आपण," मी म्हटलं. "तीन विरुद्ध शून्य. तू हात वर नाई केला."

"विरुद्ध तरी केला का?"

"नाई."

"मंग ठरलंच नाई."

मला आधी वाटलं ती हरते आहे म्हणून रुसली. तसं मी बोललेही. मग ती सावकाश सांगायला लागली. तिच्या गावात ग्रामसभेत हात मोजत नाहीत. सगळे बसतात, बोलतात. एखादा माणूस गप्प असला तर त्याचं गप्प राहणं हो धरत नाहीत, त्याला विचारतात. तो नाही म्हणाला तर विषय पुढच्या बैठकीला. सगळे हो म्हणतील तेव्हा ठरलं. "कोणी गप असलं तं आम्ही त्याचं तोंड पाह्यतो. तू तीन हात पाह्यले अन् खेळाले लागली. मी गप होती कारण मले समजून घ्याचं होतं. तू विचारलं कुठी?"

मी मागे हटणारी नव्हते. ज्या घरात मी वाढले तिथे बहुमत ही पवित्र गोष्ट होती. मी म्हटलं, "सगळ्यांनी हो म्हणायचं ठरवलं तर एकच माणूस सगळं अडवून ठेवेल. उद्या एखादा ठेकेदार अडवेल. मग?"

"अडवते ना."

"मग काय करता?"

"त्याच्या घरी जाऊन बसतो. रोज."

"आणि तरी नाही म्हणाला तर?"

"तं आपलं का चुकते ते पाह्यतो." ती उठली. "मी नाई खेळत अशी. माझी बाई मारायची असन तं मारा, मी नसताना मारा. शंभर पत्रकं आहेत तुमच्याकडे."

हे मला लागलं. कारण ते खरं होतं. सिस्टरच्याच भागात, सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीच्या वाटेवरून रात्रंदिवस ट्रक जातात, आणि त्या भागातल्या माणसांना कुणी कधी विचारलं नाही असं मी किती पत्रकांत वाचलं होतं. प्रूफ तपासताना शुद्धलेखन सुधारलं होतं. आणि माझ्या समोर बसलेल्या एका बाईला मी विचारलं नव्हतं. तिच्या बाईचा जीव तीन होता आणि तो माझ्या नियमानं तीन झाला होता. मी हमालांच्या बाजूनं लिहिलं असं मला वाटत होतं. पण ज्याच्या अंगात जोर नाही त्यानं काय करावं याबद्दल त्या गुलाबी कागदावर एक ओळ नव्हती.

तरी मी पत्रक मागे घेतलं नाही. पुस्तकाचा नियमही चुकीचाच होता. ती अंगणात गेली तेव्हा मी दारातून ओरडले, "मग बसू या! तू हो म्हणेपर्यंत बसू. बटणं हलवायची नाहीत."

तिनं वळून पाहिलं. "भाऊचंही हो पायजे. अन् तुझंही."

त्यानंतर तीन रविवार आम्ही खेळलो नाही, फक्त बसलो. कॅलेंडरचं पान तसंच मशीनवर. सोमवारी सकाळी अब्बांना कागद कापायचा असायचा. ते पान बटणांसकट दोन्ही हातांनी उचलून कपाटावर ठेवायचे आणि संध्याकाळी परत आणून ठेवायचे. "ये पहरेदार गिर गया तो मेरी ज़िम्मेदारी नहीं," असं दर वेळी म्हणायचे. एकही बटण पडलं नाही.

पहिल्या रविवारी नुसतं भांडण झालं. मी मोठ्या मनानं सिस्टरला म्हटलं, "तू सांग. तुमच्याकडे जंगलात अस्वल आलं, वाघ आला, तर चपळाईनं कसं वाचता? तिथून नियम काढू."

"मी जंगलातली म्हणून मलेच विचारते का?" ती म्हणाली. "अस्वल मी मोबाईलात पाह्यलं. व्हिडिओत."

मोबाईलवाला म्हणाला, "मीच पाठवला होता."

"पण विळा..."

"विळा तुमचा हाय. मूलचा. धान कापाले आम्ही इकडे येतो दर साल. तू कापलं का कधी?"

मी कधीच धान कापलं नव्हतं. माझ्या घरामागे शेत सुरू होतं आणि मी विळा हातात धरला नव्हता. हमाल बाई माझी, हमाली मात्र मी कागदावरच केली होती.

दुसऱ्या रविवारी मोबाईलवाला म्हणाला, तोंडानं काही होत नाही, लढून पाहू. छापखाना आणि शेजारचं गोदाम यांच्यामध्ये एक बोळ आहे, दोन माणसं जेमतेम जातील असा. त्यानं पडद्याचा लांब दांडा घेतला. ती बारीक तलवार. मी धुण्याचा धोपटणा घेतला. सिस्टरकडे फूटपट्टी.

मोकळ्या अंगणात दांड्यानं आम्हा दोघींना जवळच येऊ दिलं नाही. आम्ही पोचायच्या आधी टोक छातीला. "पाहा," तो म्हणाला, "म्हणून सगळे हीच घेतात." मग सिस्टर बोळात शिरली. तो मागे गेला. बोळात दांडा फिरवायला जागाच नव्हती. टोक भिंतीला लागलं, चुना पडला, तेवढ्यात ती आत घुसून त्याला खेटून उभी राहिली आणि फूटपट्टी त्याच्या मनगटावर दोनदा टेकवली. टक, टक.

"एवढंच?" तो म्हणाला.

"इथी शीर हाय," ती म्हणाली. "जोर लागत नाई. जवळ जा लागते, अन् दोनदा लागते."

माझी पाळी आली तेव्हा मी धोपटणा असा फिरवला की तो लागलाच नाही, पण तो चुकवताना मोबाईलवाला मागच्या कोंड्याच्या पोत्यांवर जाऊन पडला. त्याच्या कानात कोंडा गेला. तो पडल्या पडल्या म्हणाला, "लिहा! जड तलवार चुकली तरी माणूस मागे सरकते! मले पुन्हा नका पाडू, पण लिहा!"

आम्ही रद्दी कागदावर लिहिलं. चपळाईनं नेम धरता येईल, जखमेत ती मिळवायची नाही. हे माझ्या पत्रकातलं राहिलं. पण ताकद कमी म्हणून जखमेतून काही वजाही करायचं नाही. विळा, सुरी अशा आखूड हत्यारांनी खेटून लढलं तर एका पाळीत दोन वार. लांब बारीक तलवारीला मोकळ्या जागेत पहिला वार तिचा. बोळात, पायऱ्यांवर, दाटीत तिचा नेम कमी. जड तलवार चुकली तरी समोरच्याला एक घर मागे ढकलेल. आणि ज्याची चपळाई जास्त, त्याचा वार बसला की त्याला हवं असेल तर तो निघून जाऊ शकतो. मागून कुणी मारायचं नाही.

सिस्टर हो म्हणाली. मोबाईलवाला हो म्हणाला. मी हो म्हटलं, आणि ते म्हणताना माझ्या शंभर प्रती मशीनखाली पडलेल्या मला दिसत होत्या. उरला भाऊ. तो नाही म्हणाला.

तेव्हा आम्ही तिसऱ्या रविवारी मिलमागच्या त्याच्या घरी जाऊन बसलो. खरंच जाऊन बसलो. सकाळी दहाला. त्याच्या आईनं पोहे केले, चहा केला. आम्ही काही बोललो नाही. भाऊ आत-बाहेर करत राहिला. बारा वाजता तिनं पुन्हा पोहे केले.

"हे का लावलं तुम्ही?" भाऊ म्हणाला.

"बसून राह्यलो," सिस्टर म्हणाली.

मग त्यानं सांगितलं. नागपूरला खेळणाऱ्यांचा मेळावा होता. त्यात आमचं टेबल न्यायचं त्याच्या मनात होतं. तिथे पुस्तकाचेच नियम चालतात. घरचे नियम लावून वाढवलेली खेळातली माणसं घेत नाहीत. "तिकडे दाखवाले पायजे ना, मूलमध्येबी टेबल हाय म्हणून. अन्..." तो थांबला. "पुस्तक माझं हाय म्हणून तुम्ही मले विचारता. नियम तुम्हीच केले तं मले कोण विचारन?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं धारदार, पत्रकाचं. पण सिस्टर आधी बोलली. "विचाराले तं आलो ना भाऊ. सकाळपासून."

भाऊनं खिशातून फोन काढला. मग त्यानं नागपूरवाल्यांना लिहिलं: आम्ही येऊ, पण आमच्या नियमांनी. उत्तर यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ते शक्य नाही, असं होतं. त्यांनी नियम काय आहेत हेही विचारलं नव्हतं. भाऊला राग आला तो त्याचा.

"न विचारता नाई मंतात," तो म्हणाला. "ठीक आहे. हो."

"मनापासून का?" सिस्टर म्हणाली.

"अर्ध्या मनानं."

"मंग अजून बसतो."

"नका बसू बाई, माय पोहे करून थकली! हो. पूर्ण हो."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा मशीनभोवती जमलो. घाट, पायऱ्या, पहारेकरी अठरावर, सिस्टरची बाई तीनवर, तिची पाळी. भाऊनं नेहमीसारखं पुस्तक उघडून समोर उभं केलं. त्यामागे तो आपले फासे टाकायचा, आम्हाला दिसू नयेत म्हणून.

सिस्टरनं दोनदा नेम धरला. दोन्ही बसले. तीन आणि चार. पहारेकरी अकरावर. मोबाईलवाला ओरडला, "निघ आता! निघून जा, नियम हाय!"

मीही म्हटलं, जा. ती पायऱ्यांवरून बाजूला झाली असती तर कुणी तिला मारू शकलं नसतं. पण ती बाजूला झाली असती तर पहारेकरी सरळ नावेवर आला असता, आणि नाव निघायला माझी एक पाळी कमी पडत होती. नावेत बारा माणसं होती. सिस्टरनं बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले किती लागते?"

"एक पाळी."

"मंग मी इथीच हाय."

भाऊनं पुस्तकामागे फासा टाकला. खडखड आवाज आला. तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "चुकला. तलवार भिंतीले लागली."

मोबाईलवाल्यानं श्वास सोडला. सिस्टर भाऊच्या तोंडाकडे पाहत होती.

"पुस्तक उचला," ती म्हणाली.

"अगं चुकला मंतो ना."

"पुस्तक उचला भाऊ."

त्यानं पुस्तक आडवं केलं. फाशावर एकोणीस.

"पायऱ्या अरुंद म्हणून दोन कमी," भाऊ घाईनं म्हणाला. "सतरा. अन् तुझं चुकवणं..."

"चौदा," ती म्हणाली. "लागला."

"सिस्टर, वर्षभराची बाई आहे. एक फासा खाली पडला होता असं समजू. पुन्हा टाकतो."

"मंग तीन रविवार काऊन बसलो आपण?" तिचा आवाज चढला नव्हता. "पोह्यांसाठी का? जखमेचा टाका."

त्यानं टाकला, पुस्तकाच्या पुढे, सगळ्यांसमोर. सहा. तीनला तीन पुरे होते.

मला रडू आलं हे मी लपवत नाही. मला भाऊचा रागही आला, आणि क्षणभर असंही वाटलं की त्यानं खोटं बोलून ते निभावून न्यायला हवं होतं, सिस्टरनं पुस्तक उचलायला लावायला नको होतं. मग मला त्या वाटण्याचाच राग आला. दया म्हणून कुणी तिच्यासाठी फासा उलटा करावा, याच्यासाठी ती टेबलावर परत आली नव्हती. पुस्तकानं तिला बारीक तलवार घे म्हटलं, ती घेतली नाही. मी तिला जोर नाही तर जखम नाही म्हटलं, ते मानलं नाही. आता तिची बाई मेली होती ती तिनं स्वतः हो म्हटलेल्या नियमानं, आणि हे कुणालाही तिच्याकडून काढून घेता येणार नव्हतं. भाऊला नाही. मलाही नाही.

तिनं तिचं बटण उचललं आणि पायऱ्यांच्या कडेला ठेवलं. भाऊ फाशांकडे पाहत बसला. माझी पाळी होती आणि मी फासा उचललाच नव्हता.

"नाव ढकल ना," सिस्टर म्हणाली. "वाट कोणाची पाह्यते?"

मी वीस बाजूंचा फासा उचलला.